लोखंडी लांडग्याचा फिटर

बारामतीच्या प्रदर्शनात बदलत्या हवामानाचा इशारा म्हणून केलेला हत्तीएवढा यांत्रिक लांडगा उभा होता. थोड्या थोड्या वेळानं तो मान उचलून जबडा उघडायचा. त्याची देखभाल करणारा शेळगावचा फिटर मला तिथंच भेटला. नाव विचारायचं राहून गेलं. पन्नाशीचा, अबोल माणूस. जबड्याच्या सांध्याला तेल देताना दुसरा हात लांडग्याच्या मानेवर ठेवायचा, जनावर बुजू नये म्हणून ठेवतात तसा.

"खरा लांडगा पाहिलाय का तुम्ही?" मी विचारलं.

"व्हय. तीन उन्हाळ्यांमागं. माळावरचं पाणी पार आटलं हुतं. भर दुपारी आमच्या हौदापाशी आला." तो फडक्याला हात पुसत राहिला. "मला वाटलं, शेळ्या न्यायला आलाय. दगडं मारून हाकलला. दुसऱ्या दिवशी बांधाला मेलेला घावला. शेळ्यांकडं त्यानं बघितलंबी न्हवतं, सर. पाण्याला आला हुता."

तेवढ्यात लांडग्यानं जबडा उघडला, आणि समोरची एक बाई दचकून मागं सरली.

"भिऊ नका, ताई," तो हळूच म्हणाला. "त्यो काय करत न्हाय."