देव्हाऱ्यातली किल्ली

ती घटना विसरावी असे मला पुष्कळदा वाटले, पण ती काही मनातून जात नाही. तेहतीस वर्षांच्या पोलीस सेवेत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहे. ही घटना मात्र माझ्या कोणत्याच ठाण्याच्या स्टेशन डायरीत सापडणार नाही. ती घडली निवृत्तीनंतर, जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेनला माझ्या लेकीच्या घरी. आणि तिच्यात चौकशी झाली ती माझी.

पत्नी गेल्यापासून दर वर्षी तीन महिने मी लेकीकडे असतो. ती आणि जावई दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. जावई पुण्यात वाढलेले, बोलायला कमी, कामात चोख. जर्मनीत आल्यावर त्यांना एकच नाद लागला, तो लिव्हर-ॲक्शन रायफलींचा. आधी नेमबाजांच्या क्लबात, म्हणजे तिथल्या भाषेत फेराइनमध्ये, वर्षभर हजेरी लावायची, मग परीक्षा, मग परवाना. एवढे सगळे करून त्यांनी पाच वर्षांत तीन रायफली जमवल्या होत्या.

मला त्याचे कौतुक नव्हते, हे कबूल करतो. आम्हा पोलिसांच्या लेखी रायफल म्हणजे शस्त्रागाराच्या वहीतला एक क्रमांक. सकाळी सही करून घ्यायची, संध्याकाळी मोजून परत करायची. जावई मात्र रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून बसत. "बाबा, हे ऐका," म्हणत आणि चापाखालची कडी पुढे ढकलून मागे घेत. त्या एका हालचालीत रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीत जाते. काडतुसे अर्थातच कुलपात असत, ते फक्त आवाज ऐकवत. "ना स्प्रिंगची दाटी, ना काही. शंभर वर्षांपूर्वी काय डोकं लावलंय बघा," असे म्हणताना त्या अबोल माणसाला शब्द अपुरे पडत. सर्वांत जुनी रायफल आठकोनी नळीची होती. तिच्या अक्रोडी दस्त्यावर, गाल टेकतो तिथे, लाकूड काळे पडले होते. फेराइनमधल्या एका वृद्ध सभासदाची दृष्टी गेल्यावर त्याने ती जावयांना दिली होती. जास्त किंमत देणारे दुसरे होते, पण ते ती भिंतीवर टांगतील अशी त्याला भीती वाटत होती.

रायफलींचे कपाट पोलादी होते, भिंतीला बोल्टने आवळलेले. किल्ली मात्र देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या आसनाखाली. तिथे कोणाचाही हात जाणार नाही, असे जावयांना वाटत होते. मी आलो की रोजची पूजा मी करतो, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. आपल्या माणसांना घरात सर्वांत सुरक्षित जागा देवाजवळचीच वाटते.

खंडेनवमी आली. ठाण्यात असताना त्या दिवशी आम्ही शस्त्रे सतरंजीवर मांडून हळदकुंकू वाहत असू. सगळा स्टाफ इस्त्रीच्या वर्दीत हजर असे. निवृत्त झालो तरी त्या दिवशी हात स्वस्थ बसत नाहीत. लेक ऑफिसला गेली होती. जावई आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होते. त्यांना कशाला उठवायचे, असे मनाशी म्हणत मी आसनाखालची किल्ली घेतली, कपाट उघडले आणि ती जुनी रायफल पाटावर ठेवली. बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू वाहिला. निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा होता आणि हॉलमध्ये उजेड कमी होता. म्हणून रायफल उचलून बाल्कनीत नेली.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहते. तिला दिसला बाल्कनीत बंदूक घेऊन उभा असलेला एक अनोळखी म्हातारा. तिने पोलिसांना फोन केला. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की संशय आला तर कळवा, गप्प बसू नका. त्या बाईने तेच केले.

बेल वाजली तेव्हा रायफल पुन्हा पाटावर होती. दारात चार पोलीस, अंगात बुलेटप्रूफ जाकिटे. मी दोन्ही हात वर करून भिंतीशी उभा राहिलो. एवढे तरी मला ठाऊक होते. आवाज ऐकून जावई बाहेर आले. पाट, झेंडू, उघडे कपाट आणि मी, हे सगळे त्यांनी एका नजरेत पाहिले. मग ते पोलिसांशी जर्मनमध्ये बोलले. काय बोलले ते मला नंतर कळले. कपाट आपण उघडले, किल्ली आपल्या खिशात होती, सासऱ्यांनी रायफल फक्त आपल्यासमोर दोन मिनिटे हातात धरली, असे त्यांनी सांगितले होते. पोलिसांनी पावती देऊन तिन्ही रायफली नेल्या.

पुढे लांड्राट्सआम्टचे, म्हणजे जिल्हा कार्यालयाचे पत्र आले. वकिलांचे म्हणणे असे की परवानाधारक समोर होता हे पटले तर कदाचित ताकिदीवर भागेल. किल्ली दुसऱ्याच्या हाती लागत होती असे दिसले तर परवाना गेलाच समजा. लेकीने आम्हा दोघांना समोर बसवले.

"बाबा, सगळ्यांनी एकच सांगायचं. किल्ली त्याच्या खिशात, रायफलींचा श्रांक त्याने उघडला, तुम्ही फोटो काढलात. गेनाऊ, बरोब्बर एवढंच. जास्त बोलू नका."

घरच्या माणसांनी असे जुळवून आणलेले जबाब मी किती वेळा फाडून काढले असतील. एकेकाला वेगळे बसवायचे आणि बारीकसारीक विचारायचे, की शिवण उसवते. त्या दिवशी मी मान डोलावली.

जिल्हा कार्यालयात चौकशी करणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. टेबलावर एक फाइल आणि पाण्याची बाटली. दुभाषी म्हणून स्टुटगार्टला डॉक्टरेट करणारी आपल्याकडचीच एक मुलगी आली होती. बाईंनी आवाज चढवला नाही, भीती घातली नाही. सकाळी किती वाजता उठलात, चहा कोण करतो, पूजेला काय काय लागते, असे विचारत राहिल्या. मला आत कुठेतरी बरे वाटू लागले. काम येणाऱ्या माणसाचे काम पाहिले की बरे वाटते, ते कोणावर चालले आहे ह्याचा विसर पडतो.

"कपाटाचं दार जुनं आहे का?" मुलीने त्यांचा प्रश्न सांगितला.

"छे, नवंच आहे. पण जरा अडकतं. दार गुडघ्याने दाबून धरलं तरच किल्ली फिरते."

बोललो आणि मला कळले, हे कपाट स्वतः उघडणाऱ्यालाच ठाऊक असणार. त्या मुलीलाही कळले. तिची पेन्सिल थांबली. खाली मान घालून ती हळू आवाजात म्हणाली, "काका, हे सांगू?"

तेवढा वेळ मला मिळाला होता. मी शब्द बदलला असता तर तिने बदललेला सांगितला असता. तिच्या आवाजावरून मला तशी खात्री वाटली. जावयांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आणि हेही डोळ्यांपुढे आले की आता ही मुलगी माझ्यासाठी खोटे बोलणार. घरातली दोघे माझ्यासाठी आधीच बोलली होती.

"जसं बोललो तसंच सांग, बाळा," मी म्हणालो. मग देव्हारा, आसन, किल्ली, सगळे सांगितले. बाईंनी शांतपणे लिहून घेतले. मला वाचून दाखवले आणि मी सही केली.

माझ्यावरचे प्रकरण किरकोळ ठरून मिटले. जावयांचा परवाना रद्द झाला. रायफली एखाद्या परवानाधारकाला द्याव्या लागणार होत्या. लेक आठवडाभर माझ्याशी कामापुरतेच बोलली. जावई नेहमीसारखे वागत होते, आणि तेच मला जड जात होते.

रायफली फेराइनमधल्याच एकाने घेतल्या. त्या शनिवारी जावयांनी मला बरोबर नेले. नव्या मालकाने ती जुनी रायफल त्यांच्या हाती दिली. तिथे देखरेखीखाली पाहुण्यालाही नेम धरता येतो. जावयांनी गाल त्या काळ्या पडलेल्या लाकडावर टेकवला. पाच गोळ्या झाडल्या. दर वेळी कडी पुढे, मागे, सावकाश, जराही घाई न करता. पुंगळ्या पायाशी पडत होत्या. तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. मग त्यांनी फडक्याने नळी पुसली आणि दोन्ही हातांनी रायफल परत केली. मला रडू आवरेना, म्हणून मी पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो.

खरे सांगणे हे माझ्या दृष्टीने नेहमीच तपासाचे शेवटचे पान होते. आरोपी कबूल झाला की आम्ही फाइल बांधायचो आणि चहा मागवायचो. त्या कबुलीची झळ घरातल्या कोणाला लागली, हे पाहायला मी कधी कोणाच्या घरी परत गेलो नाही. इथे मी त्याच घरात राहत होतो. सही करून मी मोकळा झालो. भोगले ते जावयांनी.

जावई गाडीत बसले, पण गाडी सुरू केली नाही.

"बाबा, एक विचारू? राग नाही आला मला. फक्त विचारतोय."

"विचारा."

"मी घरातच होतो. दार वाजवलं असतंत तर मी उठून आलो असतो. का नाही वाजवलंत?"

एवढ्या चौकशीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. बाईंनी नाही, वकिलांनी नाही, मी स्वतःलाही नाही. मीटिंग होती, असे सांगता आले असते.

"तुम्ही नको म्हणाला असतात," मी म्हणालो. "ते मला माहीत होतं."

जावयांनी मान हलवली आणि गाडी सुरू केली.