पत्रिकेवरचं बोट

एकच काम दुसऱ्यांदा करायला सांगितलं की माझं डोकं फिरतं. हा स्वभाव कुठून आला कोण जाणे. आईचा नक्की नाही, तिनं तर आयुष्यभर त्याच मापाचे, त्याच गळ्याचे ब्लाऊज शिवले आणि एकदाही कंटाळल्याचं दाखवलं नाही. मला मात्र बसल्या जागी पाय हलवायची सवय. आणि असा माणूस जळगावात एका प्रिंटिंग प्रेसमध्ये डिझायनर म्हणून चिकटला, जिथे दिवसभर 'परत तेच' एवढंच काम असतं.

रावेरकडच्या केळीच्या खोक्यांची लेबलं घ्या. घड तोच, हिरवी चौकट तीच, फक्त बागाईतदाराचं नाव आणि गटनंबर बदलायचा. लग्नसराईत पत्रिका. गणपती तोच, तोरण तेच, नवरा-नवरी तेवढे वेगळे. सुरुवातीला मी एकेक नाव हातानं टाकायचो, अक्षरं चौकटीत बसवायचो, मोठ्या शीटवर कॉप्या शेजारी शेजारी लावायचो, कटिंगच्या खुणा काढायचो. एक नाव लांब निघालं की सगळी रांग हलायची. मग पहिल्यापासून सुरू. दात-ओठ खात केलेली ती कामं आठवली की आजही मान दुखते.

शेवटी वैतागून मी मॅक्रो लिहायला शिकलो. मॅक्रो म्हणजे काय, तर सॉफ्टवेअरला एकदा नीट पढवून ठेवायचं आणि नंतर नुसतं बटण दाबायचं. एक्सेलमधून नाव उचल, चौकटीत ठेव, मावत नसेल तर अक्षर लहान कर, शीट भर, खुणा काढ, पुढचं घे. पहिल्यांदा ते धडाधड चाललं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. प्रेसचे मालक, ज्यांना आम्ही भाऊ म्हणतो, ते म्हणाले, "काम मशीन करून राहिलं, मग तू कशाला नाचतोस?"

खरी गोष्ट अशी की काम लवकर संपायला लागल्यावर माझी चुळबुळ वाढलीच. रिकाम्या हातांना चैन पडेना. आता आणखी काय आपोआप करता येईल, एवढंच डोक्यात. त्यातूनच ते बोट निघालं.

आमच्याकडे पत्रिका वाटायला काढण्याआधी तिच्या कोपऱ्यावर हळद-कुंकवाचं बोट लावतात. घरातल्या आणि शेजारच्या सवाष्णी ताट घेऊन बसतात, गप्पा मारत गठ्ठेच्या गठ्ठे संपवतात. पण हल्ली शहरात बायकांना एवढी सवड नाही. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "कुंकवाचं बोटही छापूनच द्या ना." मी तर टपूनच बसलो होतो. भाऊंच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं बोट कुंकवात बुडवून कागदावर उमटवलं, स्कॅन केलं, त्याचा आकार काढला. एकच ठसा सगळ्या पत्रिकांवर टाकला तर तो शिक्का वाटतो. म्हणून पाच-सहा ठसे घेतले आणि मॅक्रोला सांगितलं, यातला कुठलाही उचल, जरासा तिरका कर, थोडा वरखाली सरकव. लाल शाईत छापून आलं तेव्हा भल्याभल्यांनी अंगठा घासून पाहिला. पुढे ते बोट इतक्या पत्रिकांवर गेलं की वहिनी म्हणायच्या, "अर्ध्या जळगावच्या लग्नांना माझं बोट जातं, पण जेवायला मला कोणी बोलावत नाही."

मग माझ्या बहिणीचं लग्न ठरलं.

वडील गेले तेव्हा ती आईच्या मांडीवर होती. साक्रीकडचं गाव सोडून आई आम्हां दोघांना घेऊन जळगावला आली आणि शिलाई मशीनवर आम्हांला वाढवलं. तरी घरातल्या मोठ्या गोष्टी गावाकडचे काका ठरवतात. काका वाईट नाहीत. पण सगळं कसं व्हायला हवं हे त्यांना आधीच माहीत असतं, आणि मला त्याचाच राग येतो. कन्यादान काका-काकू करणार हे ठरलेलं. हळद काकू लावणार, तेही ठरलेलं. आईनं आपण होऊनच सांगून टाकलं की ती कोठीवर बसेल, म्हणजे सामानाच्या खोलीत, तेलातुपाच्या डब्यांवर लक्ष ठेवत. मांडवात विधवा बाई पुढे पुढे करताना बरी दिसत नाही म्हणे.

"मंग तुनं काय?" बहिणीनं विचारलं. आमच्या घरच्या बोलीत तुनं म्हणजे तुझं, मनं म्हणजे माझं.

"मनं काय? मी शे ना," आई म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

बहिणीला बाकी कशाची हौस नव्हती. हॉल साधा चालेल, शालू साधा चालेल. तिला एवढंच हवं होतं की तिच्या लग्नात आईचा हात कुठेतरी लागावा. सगळ्यांना दिसला नाही तरी चालेल, पण लागावा. पत्रिकेचं डिझाईन मी घरी लॅपटॉपवर दाखवत होतो तेव्हा तिनं कोपऱ्यातल्या लाल ठशावर बोट ठेवलं. "हाई तुन्या वहिनीनं ना? मना पत्रिकावर तिनं कसाले? आईनं ले."

वहिनींच्या जागी आईचं बोट, हे ऐकूनच मला उठून स्कॅनर आणावासा वाटला. आईनं मात्र मशीनचं चाक थांबवलं. "मी कुंकूले हात नही लावस. लोके काय म्हनतीन?"

"कोनले समजस?" बहीण म्हणाली. आईनं चाक पुन्हा फिरवलं. पुढचे काही दिवस घरात हाच विषय, आणि मी मधल्यामधे. प्रेसमध्ये बसलो की वाटायचं घरी जावं आणि आईला एकदाचं सुनवावं. घरी गेलो की तिचा चेहरा बघून नुसते पाय हलवत राहायचो. पत्रिका छापायला उशीर होत होता. काकांचे फोन येत होते. मी म्हणायचो, मशीन बंद आहे, कागद आला नाही, काहीही.

एका सकाळी आई देवपूजा करत होती. देव्हाऱ्यात देवीचा टाक आहे, त्याला ती रोज कुंकू लावते. बहीण भांडी विसळता विसळता तिथूनच म्हणाली, "देवीले चालस, मंग माले का नही चालस?"

आई तशीच बसून राहिली, बोट देवीपाशी. मला वाटलं आता रडेल नाहीतर ओरडेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. पूजा पुरी केली, उठली, दाराची कडी लावली आणि मला म्हणाली, "कागद आन."

तिनं कागदाला बोट लावलं ते तवा तापलाय का बघावं तसं. टेकवलं न टेकवलं की वर. ठसा उमटला तो चंद्रकोरीसारखा, एका बाजूनं पुसट. मी म्हटलं, "अजून दे, जरा दाबून दे." तिनं चार-पाच दिले, सगळे तसेच बारीक. मग कडी उघडायच्या आधी हात धुऊन टाकले.

प्रेसमध्ये मी तो कागद स्कॅन केला. सुया टोचून टोचून आईच्या बोटाच्या टोकाला खड्डे पडलेत. ठशाचा आकार काढताना सॉफ्टवेअरनं त्या प्रत्येक खड्ड्याभोवती बारीक बारीक बिंदू दिले. एरवी मी असला कचरा एका झटक्यात साफ करतो, कडा गुळगुळीत करतो. त्या दिवशी हातानं एकेक बिंदू बघत बसलो. हा सांडलेल्या कुंकवाचा कण, काढ. हा सुईचा खड्डा, ठेव. भाऊ मागून येऊन म्हणाले, "आज मॅक्रो आजारी आहे काय?" मी त्यांच्यावर उगाच खेकसलो.

आणि मग बटण दाबलं. स्क्रीनवर शीट भरत गेलं, प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात आईचं बोट, कधी डावीकडे झुकलेलं, कधी उजवीकडे. जिनं घरात कडी लावून कुंकवाला हात लावला तिचं बोट भराभर, न घाबरता, पुढच्या पुढच्या चौकटीत जाऊन बसत होतं. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, काकांवर कुरघोडी केल्यासारखंही वाटलं.

तो आनंद काकांच्या फोनपर्यंतच टिकला. सगळ्या पत्रिका त्यांना गावीच हव्या होत्या. ते म्हणाले, "बठ्ठ्या पत्रिका आठे लई ये. पूजा गावलेच करूत. कुंकू तुनी काकू लावी."

मी म्हटलं, कुंकू छापलेलंच आहे. त्यावर काका हसले. "छापेल कुंकू काय कुंकू शे का?"

काकूचं खरं कुंकू वरून बसणार आणि आईचं त्याखाली जाणार, एवढंच डोळ्यांपुढे यायला लागलं. पत्रिका घेऊन आम्ही तिघं गावी निघालो. बसमध्ये आई खिडकीशी, मांडीवर गठ्ठा. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. धुळ्याला बस थांबली तेव्हा म्हणाली, "बरं व्हई. वरनं लाई दिधं का मनं झाकाई जाई." तिचा जीव त्यात होता असं मला वाटत होतं आणि ती तर सुटकेची वाट बघत होती. बहीण पुढच्या सीटवर होती, तिनं ऐकलं आणि मागे वळूनही बघितलं नाही. साक्रीपर्यंतच्या रस्त्यात मी पायांनी पुढचं सीट इतकं हलवलं की शेवटी बहिणीनंच मागे हात घालून माझा गुडघा दाबून धरला.

गावी ओसरीवर सतरंजी घातलेली. काकू, शेजारच्या दोघी बायका, मधे ताट, त्यात हळद आणि कुंकू. काका दारात उभे. आई नेहमीसारखी भिंतीकडेला जाऊन बसली, ताटापासून लांब. काकूनं पहिली पत्रिका उचलली, चष्मा लावला आणि कोपऱ्यातल्या ठशावर अंगठा घासला. पुसलं जाईना. तिला मौज वाटली असावी. तिनं ती पत्रिका डोळ्यांजवळ नेली, परत लांब धरली. मग तिचं लक्ष त्या बारीक खड्ड्यांवर गेलं असेल. आईनं शिवलेले ब्लाऊज ती वर्षानुवर्षं घालते. मापं घ्यायला आलेले हात तिनं जवळून पाहिलेत.

"अक्का," ती आईला म्हणाली, "हाई कोनं बोट शे?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. कॉम्प्युटरचं आहे काकू, कोणाचंच नाही. बोलायला मी तोंडही उघडलं.

"मनं," आई म्हणाली.

शेजारणींपैकी एकीचा हात ताटातच थांबला. काका दारातून आत आले नाहीत, बाहेरही गेले नाहीत. आता काहीतरी वाईट होणार आणि बहिणीच्या पत्रिकेच्या दिवशीच होणार, असं वाटून मला आईचाच राग आला. काय गरज होती खरं बोलायची?

आई उठली. काकूच्या हातातली पत्रिका घेऊन ओसरीच्या कडेला, उजेडात गेली. तिनं ती छापून आल्यापासून धडपणे पाहिलीच नव्हती, हे मला तेव्हा कळलं. ठसा बघून म्हणाली, "बारीक ऊनं."

मग परत येऊन सतरंजीच्या मध्यावर बसली. "ताट आठे दे."

काकूनं काकांकडे बघितलं नाही. तिनं ताट सरळ आईपुढे सरकवलं.

आईनं बोट कुंकवात बुडवलं आणि छापलेल्या ठशावर दाबलं. चांगलं रेटून दाबलं, कागद खाली वाकला. माझी ती चंद्रकोर दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी ओला, गोल, जाड ठसा आला. "मनी पोरनी पत्रिका शे," ती म्हणाली. कोणाला म्हणाली माहीत नाही. बहिणीला हुंदका आला. मलाही रडू आलं.

मग आईनं हात पुढे केला. मी दुसरी पत्रिका तिच्यापुढे धरली. मग पुढची. आईच्या कुंकवाशेजारी काकू हळदीचं बोट लावत होती. शेजारणी कोरड्या झालेल्या पत्रिका गोळा करत होत्या. आई प्रत्येक पत्रिकेला तेवढाच वेळ घेत होती, बोट टेकवायची, दाबायची, क्षणभर तसंच ठेवायची. तेच, परत तेच. मी एकेक पत्रिका उचलून धरत गेलो. घाई करावीशी वाटली नाही.

गठ्ठा संपला तेव्हा तिचं लाल बोट तसंच वर धरलेलं होतं. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

"आखो शेतस का?" आईनं विचारलं.

आणखी नव्हत्या.