मेहुणीचे लेखी प्रश्न

माझ्या मेहुणीइतका प्रश्नांवर जीव असलेला माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नाही. तोंडी प्रश्नांवर मात्र तिचा विश्वास नाही. हवेत विचारलेलं हवेतच विरतं, म्हणते. फ्रिजवर मुलासाठी चिठ्ठी असायची: ‘१. गाडीला ओरखडा कधी पडला? २. तेव्हा गाडीत कोण होतं? उत्तर शुक्रवारपर्यंत.’ तो बिचारा म्हणायचा, “मॉम, जस्ट आस्क मी.” मराठी मंडळाच्या गणपतीत श्रीखंड संपलं, तर अध्यक्षांना पत्र गेलं: श्रीखंड संपलं तेव्हा रांगेत किती जण उभे होते, आणि तोवर कमिटीचं जेवण झालं होतं का? पुढल्या वर्षापासून कमिटी रांगेत सगळ्यांच्या मागे उभी राहते.

अशी बाई आमच्या राज्याच्या विधानसभेवर निवडून आली. आमदाराने लेखी प्रश्न पाठवला की खात्याला लेखी उत्तर द्यावं लागे, आणि ते कोणालाही वाचता येई. मी पूल तपासणाऱ्या खात्यात इंजिनिअर होतो. “भावजी, ‘का’ विचारलं की निबंध येतो, ‘कधी’ विचारलं की घाम फुटतो,” हे तिने मला आमच्याच टेबलावर वरणभात कालवताना सांगितलं होतं.

तिच्या मतदारसंघात ओढ्यावर एक जुना पूल होता. त्यावरून शाळेची बस जायची. तिने विचारलं: या पुलाखाली उतरून शेवटची तपासणी कोणी आणि कधी केली? खरं उत्तर असं की सहा वर्षांत कोणीच नाही. आम्ही वर रस्त्यावर उभे राहून फॉर्म भरत होतो. साहेबांनी उत्तराचा मसुदा माझ्याकडे दिला. मी लिहिलं, ‘सदर पुलाची तपासणी विहित वेळापत्रकानुसार होते.’ तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच लिहिलं. असं कितीदा तरी. रविवारी जेवायला आली की म्हणायची, “तुमच्या खात्याचं उत्तर म्हणजे अळूचं फतफतं. कितीही ढवळा, दाणा लागत नाही.” मी लोणचं पुढे करायचो.

निवडणुकीत विरोधकाने माझंच वाक्य छापून घरोघर वाटलं. खातं म्हणतं पूल ठीक आहे, ही बाई उगाच आईबापांना घाबरवते. ती पडली. वर्षभराने मासे पकडायला ओढ्यात उतरलेल्या एका माणसाला पुलाखालचा तडा दिसला आणि पूल बंद झाला. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

म्हणून आता लिहितो: ती खरी होती, खोटा मी होतो. जुने सहकारी म्हणतात, “सोड ना यार, रिटायर झालायस, आता कशाला?” सोडणार नाही. सही करून हेच मी विधानसभेला कळवलंय, गावच्या पेपरला दिलंय. खात्याला राग येईल, तर येऊ दे.

पाठवण्याआधी तिला सांगायला गेलो. ती मटार सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, “माहीत होतं. इतकं गुळगुळीत इंग्रजी आपल्या घरात तुम्हीच लिहिता.”

“मग मला विचारलं का नाहीस?”

“विचारलं की. बारा वेळा. खात्याच्या पत्त्यावर.”

एवढं बोलून तिने शेंगांचं ताट मधे सरकवलं. आम्ही दोघं सोलत बसलो. त्या दुपारी तिने मला एकही प्रश्न विचारला नाही. विचारला असता, तर बरं झालं असतं.