पंधरा वळणांचे ओव्हरसियर

आमच्या ओव्हरसियरसाहेबांइतका दुप्पट बोलणारा माणूस सबंध मध्यप्रांत आणि वऱ्हाड धुंडाळूनही दुसरा सापडला नसता. मी तेव्हा बुलढाण्याच्या शाळेत मास्तर होतो, ते राजूर घाटाच्या रस्त्याचे ओव्हरसियर, आणि आमच्या बिऱ्हाडांमध्ये एकच भिंत. ते मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे आणि प्रार्थना इब्री ऊर्फ हिब्रू भाषेत म्हणणारे यहुदी. त्यांच्या धर्मातली जुनी स्तोत्रं त्यांना तोंडपाठ होती आणि त्या स्तोत्रांची रीत त्यांच्या जिभेत मुरली होती. "मास्तर, आपण यमक जुळवतो शब्दांचं, इब्री कवी जुळवतो अर्थांचं," ते मला समजावत. "एक ओळ म्हणायची, मग तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत म्हणायची. पहिली ओळ कानासाठी, दुसरी काळजासाठी." त्यामुळे रोज सकाळी भिंतीपलीकडून "पाणी तापलं का? बंब पेटला का?" असं ऐकू येई आणि त्यांची बायको शांतपणे एकदाच "हो" म्हणे.

घरात हे खपलं. सरकारी कामात मात्र घोटाळा झाला. एका पावसाळ्यात घाटातली मोरी, रस्त्याखालून पाणी जायची वाट, वाहून गेली. साहेबांनी वर कळवलं की घाटातली मोरी पुराने नेली, नाल्यावरचा पूल पाण्याने गिळला. चौकशीला गोरा इंजिनिअर आला. त्याने मोडकी मोरी पाहिली आणि आता पूल दाखवा म्हणाला. मुळात नसलेला पूल वाहून गेल्याचं कळवणं म्हणजे नोकरीवर गदा. ओव्हरसियरसाहेबांनी छत्रीखाली उभं राहून त्याला स्तोत्रांची रचना समजावून सांगितली. त्या इंजिनिअरने लहानपणी दर रविवारी आईशेजारी बसून हीच स्तोत्रं इंग्रजीत ऐकली होती. त्याने मोडक्या मोरीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, आमचा पाद्री विसरभोळा आहे." नोकरी वाचली, यापुढे अहवाल हेडक्लार्कने लिहावा, एवढाच हुकूम सुटला.

त्या स्तोत्रांतल्या पंधरांवर त्यांचा विशेष जीव. यात्रेकरू यरुशलेमचा डोंगर चढताना ती गात, असं ते सांगत. त्यांची ठेवणही पायऱ्यांसारखी. एका ओळीतल्या शब्दावर पाय ठेवून पुढची ओळ वर चढते. साहेबांच्या वडिलांची यरुशलेमची यात्रा राहून गेली होती. यांनी स्वतः तीनदा रजा मंजूर करून घेतली आणि तीनदा परत केली. एकदा गुडघ्यांपायी, एकदा मुलीच्या लग्नापायी, तिसऱ्यांदा कारणच सांगितलं नाही. त्याऐवजी दर आश्विनात, त्यांच्या मांडवांच्या सणाच्या आठवड्यात, ते राजूरपर्यंत मोटारीने जात आणि घाट पायी चढून परत येत. दर वळणाला एक स्तोत्र. वळणं चौदाच भरली, तेव्हा रस्त्याच्या एका सरळ तुकड्याला त्यांनी स्वतःच्या अधिकारात वळण ठरवलं.

एका साली मीही बरोबर होतो. त्या दिवशी बुलढाण्याचा बाजार होता. डोक्यावर वांग्यांची पाटी घेतलेली राजूरची एक माळीण आमच्या मागून चढत होती. तिसऱ्या वळणावर तिने विचारलं, "सायेब, काय म्हणून राह्यले हो तुमी?"

"देवाच्या घरी चढून जायची गाणी आहेत, बाई."

"मंग देव वरच राह्यते काय? आमी राजूरचे लोक खालीच राह्यतो."

साहेब थांबले. "यातलं पहिलं गाणं परक्या मुलखात अडकलेल्या माणसाचं आहे," ते म्हणाले. "तोही खालीच राहतो."

"अशी गाणी आमच्यातबी हायेत," ती म्हणाली आणि चालता चालता सहज गायली:

चढते मी घाट, घाटात लागे ऊन
उन्हाच्या पल्याड बाई, उभी माही बहीण.

तीच पायऱ्यांची ठेवण ऐकून साहेब मैलाच्या दगडावर बसले. तिच्याकडून ओवी तीनदा म्हणवून घेतली आणि मोजमापाच्या वहीत लिहून काढली. मग विचारलं, "बहीण बुलढाण्यात असते का?"

"होती. दोन साल झाले जाऊन. बाजाराले जातो तं अजूनबी तिच्या दारावरूनच जातो मी."

पुढची चार वळणं साहेबांनी एकही स्तोत्र म्हटलं नाही. ती थोडी पुढे गेल्यावर हलक्या आवाजात मला म्हणाले, "मास्तर, तिसऱ्यांदा रजा का परत केली, सांगू? वडिलांनी स्वतः न पाहताच, पोथ्यांवरून, यरुशलेमची गल्ली न् गल्ली मला तोंडी शिकवली. मी तिथं पोचलो आणि ओळखीचं काहीच दिसलं नाही, तर?"

मी त्यांच्या खांद्यावरची पिशवी घेतली, त्यांनी ती घेऊ दिली. वर पोचल्यावर ते घराकडे वळलेच नाहीत. माळिणीमागून तिच्या बहिणीच्या दारापर्यंत आले. त्या बहिणीच्या मुलीने आम्हाला पाणी दिलं. साहेबांनी पायातले बूट काढले आणि ओट्यावर बराच वेळ बसून राहिले.

पुढच्या साली त्यांची कोकणात बदली झाली. दिवाळीला त्यांचं कार्ड येई, मी उत्तर पाठवी. हवापाणी, मुलंबाळं, सगळं त्यात असे. यरुशलेमला गेलात का, एवढं मात्र मी कधी विचारलं नाही.