टिक केलेला तक्ता आणि सुकलेलं तोंड

आयसीयूत ड्युटी करणाऱ्या मैत्रिणींनो, आज दुपारचं सांगते. मनातून जातच नाहीये.

मी भिवंडीतल्या एका हॉस्पिटलात इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे. तोंडातले जंतू नळीवाटे फुफ्फुसात उतरून व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला न्यूमोनिया होत नाही ना, यावर रोज लक्ष ठेवणं हे माझं काम.

दापोड्याच्या गोदामात ट्रकवरून पडलेला एक हमाल सहा दिवस व्हेंटिलेटरवर आहे. आज त्याला ताप चढला, नळीतून घट्ट पिवळा कफ आला. न्यूमोनियाच.

भेटायच्या वेळेत त्याची बायको आली. पिशवीत अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडातलं तीर्थ भरलेली बाटली. मी भडकलेच. "ताई, हे त्यांच्या तोंडात घालता?"

ती घाबरली. "कापूस भिजवून ओठांना लावते ओ शिस्टर. तोंड पार सुकलेला हाय त्यांचा. कोन पुसतच न्हाय."

मी तक्ता उघडला. दर चार तासांनी तोंड साफ केल्याची टिक, एकही चुकलेली नाही. घड्याळात दुपारचे तीन वाजले होते आणि रात्री आठच्या चौकटीतही टिक होती.

खाली सहाही दिवस माझी सही. मी रोज तक्ता तपासला. तोंड एकदाही नाही.

तिने बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. "माझ्यामुलं झाला का ओ?"

मी तक्ता मिटून जागेवर ठेवला.

आत्ता ड्युटीवर असाल, तर तुमच्या पेशंटचा तक्ता बघा. पुढच्या वेळेची टिक आधीच पडलीय का?