पैनगंगा ओलांडून औंढ्याकडे: अक्कासोबत चार दिवस

दिवाळी सरली आणि अक्कानं जाहीर केलं, "आता निजामाचं राज्य न्हाई राहिलं. मी गावाकडं चालले."

अक्का माझी थोरली बहीण. रझाकारांच्या गडबडीच्या वर्षात निजामाच्या मुलखातलं सासरचं गाव सोडून वाशीमला माझ्याकडे आली होती. गावात मुलींची शाळा काढायची, हे तिचं जुनं वेड. त्यासाठी मराठी अंकलिप्यांचं पोतंच जमवलं होतं तिनं. मी वाशीमला मास्तर, सुट्टी होती. तिला पोचवायला निघालो.

वाशीम ते हिंगोली बैलगाडीनं दोन दिवस. जाणाऱ्यांनी दशम्या बांधून घ्याव्यात आणि खिशात इंग्रजी कलदार आणि निजामाची हाली अशी दोन्ही नाणी ठेवावीत. हिंगोलीचे दुकानदार अजून हालीच मागतात.

कनेरगावपाशी पैनगंगेला कमरेएवढं पाणी होतं. मी थबकलो.

"काहून घाबरून राहिले मास्तर?" आमचा गाडीवान, तांड्यावरचा सोमला म्हणाला. "माझा आजा ह्याच उतारानं मिठाचे बैल नेत होता. खाली खडक हाय."

खडक होता, पण मध्येच चाक घसरलं, गाडी कलली. अक्कानं पदर खोचला, पोतं डोक्यावर घेतलं आणि सरळ पाण्यात उतरली. मी तिला धरायला गेलो तर ओरडली, "तू बैलं सांभाळ!" पलीकडे पोचलो तेव्हा आम्ही तिघं चिंब, पोतं कोरडं.

काठावर निजामाच्या हद्दीचा करोडगिरीचा नाका. जकात अजून होतीच, पण पूर्वी इथं मराठी छापील कागद दिसला की चौकशी व्हायची. आता म्हातारा शिपाई जागचा हललाही नाही. "पुस्तकं? जा बाई, आता कोन अडवून राहिलं?"

अक्का गेली नाही. पोत्याचं तोंड सोडून म्हणाली, "बघाच. बाराखडी हाय. पोरींसाठी."

त्यानं एक अंकलिपी हातात घेतली, बराच वेळ चाळली. "नातीला एक ठेवू का?" अक्कानं दोन दिल्या.

हिंगोलीत जुन्या इंग्रजी छावणीच्या गवतात साहेबांची थडगी पाहिली. तिथून औंढ्यापर्यंत बसक्या टेकड्या, सागाचं विरळ रान, पिवळी फुललेली तूर. नागनाथाचं देऊळ सावकाश फिरून बघा. खाली यादवांच्या वेळचा कोरीव काळा दगड, वर कितीतरी नंतरचं बांधकाम. मोडलं तरी लोकांनी पुन्हा उभं केलं, हे भिंतीवर हात ठेवला की कळतं.

चौथ्या दिवशी पूर्णेकाठचं अक्काचं गाव आलं. पाटील म्हणाले, "पोरींला शिकवून काय करता?"

"तुमच्या लेकीचं पत्र येतं, ते वाचतं कोण?" अक्कानं विचारलं.

सकाळी चावडीपुढं अकरा पोरी बसल्या होत्या, पाटलांची नात सगळ्यांत पुढं. त्यांनी 'अ' असा काही ठोकून म्हटला की पारावरची माणसं उठून बघायला आली. इतकी वर्षं शिकवतोय, पण त्या दिवशी मीही पोरींच्या मागं जाऊन बसलो.

परत आलो. पाठ आठवडाभर दुखली. डोळ्यांपुढं मात्र पैनगंगेच्या दोन्ही काठांची ती एकसारखी काळी माती येत राहते. सीमा कुठं होती, मला दाखवता येणार नाही. काल सोमला तिकडच्या दुसऱ्या खेपेवरून अक्काचा निरोप घेऊन आला: "कपड्याची पेटी मागून येऊ दे. आधी फळा पाठव, मोठा."