दोन जावा आणि एक गोळी

हट्ट्याजवळच्या एका गावातलं ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तोच एक तरुण बाई धापा टाकत आली.

"साहेब, माह्या जाऊबाईनं सासूबाईले जहर चारलं. बुढी पोराले ओळखून नाही राह्यली. आंगनात पडली, झटके आले."

म्हातारीला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. गावात चौकशी केली. दोघी जावांच्या चुली वेगळ्या, बोलणं बंद. सासू एकीच्या हातचं जेवली की दुसरी भांडी आपटायची. सासूनं धाकटीला, म्हणजे तक्रार घेऊन आलेल्या बाईला, 'माही लेक' म्हटलं, तेव्हापासून थोरली धुमसत होती. विष घालायला एवढं कारण पुरेसं असतं, हे मी नोकरीत पाहिलं होतं. थोरलीच्या घराची झडती घेतली. फवारणीच्या औषधाची बाटली मिळाली, पण सीलबंद.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "विष नाही. रक्तातलं सोडियम फार उतरलंय. म्हणून हा भ्रम, म्हणून झटका. पण उतरलं कशानं? बीपीची गोळी चालू आहे एवढं कळलं, पण गोळ्या, पाणी, जेवण, काहीही विचारलं की या दोघी एकमेकींवरच घसरतात."

मी दोघींना वेगवेगळं बसवलं आणि एकच प्रश्न केला. बीपीची गोळी कोण देतं?

थोरली ताठ झाली. "मीच, चहासंगं. तिच्या भरवशावर सोडलं असतं तं बुढी कवाच गेली असती."

धाकटी म्हणाली, "मीच देते, साहेब. तिले काय पडलं हाय? मीठ बी मीच बंद केलं. पानी बी मीच पाजते, तांब्यावर तांब्या."

मीठ थोरलीनंही बंद केलं होतं. पाणी तीही पाजत होती. लघवी वाढवणारी ती गोळी म्हातारीच्या पोटात रोज दुप्पट जात होती. अंगातलं मीठ लघवीवाटे जात होतं, जेवणातून मिळत नव्हतं आणि उरलेलं त्या पाण्यानं पातळ होत होतं.

गोळी थांबली, पाणी मोजून मिळू लागलं, सलाईन थेंबाथेंबानं सुरू झालं. थोरली नर्सवर ओरडली, "बाटली जोरात सोडा नं!"

"नाही," नर्स म्हणाली. "सोडियम घाईनं वाढवलं तर मेंदूला इजा होते." पुन्हा पुन्हा रक्त तपासत, म्हातारीला नाव-गाव विचारत ती लक्ष ठेवून होती. अखेर म्हातारीनं पोराला नावानं हाक मारली.

ती पुरती शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "दोघींची गोळी काहून घेतली, आई?"

"एकीची घेतली तं दुसरी दिवसभर जळे, बाबू."

सुट्टी देताना नर्सनं बजावलं, यापुढे औषध एकीनंच द्यायचं. कोण देणार?

"मी," दोघी एकदमच म्हणाल्या.

म्हातारीनं डोळे मिटले. "माहा पोरगा देईन," ती म्हणाली.

गुन्हा दाखल झाला नाही. मत्सरापायी झालेले खून मी तपासले होते, पण त्यात निदान कुणाचा तरी वार असायचा. इथं दोघींनी फक्त सेवा केली होती. त्यानंतर कुणाच्याही जबाबात मी 'काय वाईट केलं' याआधी 'काय भलं केलं' हे विचारू लागलो.